बगळा मध्येच का थांबतो

वहिनी नक्की कुणाची वहिनी, हे आता गल्लीत कुणालाच धड सांगता येणार नाही. दूधवाला तिला वहिनी म्हणतो, समोरचा न्हावी म्हणतो, न्हाव्याची शाळेत जाणारी पोरगी पण वहिनीच म्हणते, आणि एकदा तर खुद्द तिच्या नवऱ्याने फोनवर कुणाला तरी "थांबा हं, वहिनींना देतो" असं सांगून टाकलं होतं. ते प्रकरण घरात अजून अधूनमधून बाहेर निघतं, विशेषतः भाजीत मीठ कमी पडलं की.

घराच्या रस्त्याकडच्या खोलीत तिचं काम चालतं. एक लांब टेबल, भिंतीला टेकून उभे केलेले पिवळट पडलेले कॉम्प्युटर, बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू, चहाच्या डब्यात फ्लॉपी, आणि चहा कशात ते नवऱ्यालाच माहीत. तरुणपणी ती वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रायव्हर लिहायची. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि कॉम्प्युटर यांच्या मधला दुभाषी. त्याची भाषा याला येत नाही, याची त्याला येत नाही, मग हा मधे उभा राहून निरोप पोचवतो. नवरा बस चालवायचा. एका घरात दोन ड्रायव्हर, मग मागे बसणार कोण, हा त्याचा लग्नापासूनचा विनोद, आणि तो पाहुणा नवीन असला की अजून होतो.

कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरचे सगळे नवीन काहीतरी शिकून पांगले. ही जुन्यालाच चिकटून राहिली, गोचिडीसारखी. तिचं म्हणणं सोपं होतं, नवीन मशीनला पोटभर डॉक्टर आहेत, जुन्याला कोण आहे. बेकरीची भट्टी, छापखान्यातलं कागद कापायचं मशीन, असल्या सगळ्या गोष्टी अजून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवणाऱ्या डॉसवर चालतात आणि रुसल्या की वहिनीच्या टेबलावर येतात.

आणि एक सवय सांगायलाच हवी, नाहीतर वहिनी कळणार नाही. पार्सलची सुतळी ती कधी कापत नाही. गाठ कितीही घट्ट असो, नखं दुखेपर्यंत बसेल, पण सोडवेल. नवरा कात्री घेऊन शेजारी उभा असतो, ही त्याच्याकडे बघत पण नाही. कापलेली गाठ ही सुटलेली गाठ नसते, असं तिचं मत आहे आणि त्यावर घरात चर्चा होत नाही.

तर गुरुवारी सकाळी टाचणी आली. टाचणी म्हणजे तिच्या धाकट्या दिराची मुलगी. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून लहानपणी कुणीतरी ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. ती दारात चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागते, आणि त्या दिवशी ती गप्पच होती. वहिनीने हातातला सोल्डरिंगचा दांडा खाली ठेवला. पाणी दिलं. टाचणी पाणी प्यायली आणि मग एकदम रडायलाच लागली, आणि रडता रडता स्वतःवरच चिडली की मी रडतेय काय मूर्खासारखी.

झालं होतं असं. टाचणीचे वडील, म्हणजे वहिनीचे भाऊजी, बूट बनवतात. दुकानात खोक्यात मिळतात तसले नाही. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांची बोटं एकमेकांवर चढलीत, ज्यांची टाच कशाखाली तरी चिरडलीय, अशांचे बूट. त्यासाठी आधी त्या पायाचं कलबूत लागतं, म्हणजे हुबेहूब पायासारखा लाकडी ठोकळा, ज्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. पूर्वी भाऊजी कलबूत हाताने कोरायचे. मग त्यांनी एक जुनं मशीन घेतलं, त्याला घरात सगळे बगळा म्हणतात. टेबलाला पक्का बसवलेला लांब लोखंडी हात, सांध्यासांध्यातून वाकणारा, टोकाला बारीक चोच. पायाच्या प्लास्टरच्या साच्यावरून ती चोच फिरवायची, ती जिथे टेकेल ती जागा कॉम्प्युटरला कळते, आणि सगळा पाय फिरून झाला की शेजारचं कोरायचं मशीन लाकडातून तसाच्या तसा पाय काढून देतं. बगळा जुना घेतला तेव्हा त्याच्याबरोबर ड्रायव्हर आलाच नव्हता. तो वहिनीने लिहिला होता, नवीन सून असताना, वर्कशॉपमधे स्टुलावर बसून. सासरी पहिली कॉलर ताठ झाली ती तेव्हा.

आता भाऊजींचे हात थरथरतात. काही वर्षं त्यांनी लपवलं, मग लपेना. काम टाचणीने हातात घेतलं, आणि मन लावून घेतलं. कॉम्प्युटर आणि बगळ्याभोवती काचेचं पार्टिशन घातलं, टेबल मोठं केलं, सगळं चकाचक. आणि तेव्हापासून बगळा मधेच थांबायला लागला. टाच झाली, चवडा झाला, आणि पडद्यावरची रेघ गोठते. कीबोर्डचं बटण दाबलं तर चालतं, पण बगळा मुका. पुन्हा पहिल्यापासून. कधी पूर्ण होतं, कधी दहा वेळा बसून होत नाही. पोस्टमनचा साचा महिन्यापासून फळीवर पडून होता आणि पोस्टमन येता जाता काचेवर टकटक करून म्हणायचा की माझी पत्रं वेळेत पोचतात हो, माझे बूट कधी पोचणार.

भाऊजींनी काय केलं, तर जुनी मशिनं घेणाऱ्या एका माणसाला बोलावलं. सोमवारी तो बगळा आणि कोरायचं मशीन दोन्ही उचलून नेणार. टाचणीने बुटांच्या शोरूममधे नोकरी बघावी, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं.

"ते म्हणतात, माझ्या हातून गेलं तसं मशीनच्या हातून पण गेलं, तू मोडक्या गोष्टींपुढे आयुष्य काढू नकोस," टाचणी म्हणाली. "काकू, मला दुसऱ्यांचे बूट विकायचे नाहीयेत. मला हेच करायचंय."

वहिनीने काही समजावलं बिमजावलं नाही. तिने ड्रॉवरमधून आपला चष्मा काढला, दुसरा, जवळचा, आणि नवऱ्याला हाक मारली की अहो, डबा दुपारी तिकडेच आणा.

वर्कशॉपमधे भाऊजी दारातच बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्यांची ती नवीन सवय होती. वहिनींना बघून उठले, आणि उठता उठताच म्हणाले की तुम्ही उगाच आलात. वहिनी म्हणाली, बरं, आलेच आहे तर चहा तरी पाजा. दोघांचं हे असंच चालतं. भाऊजी वहिनीचा शब्द खाली पडू देत नाहीत, पण ऐकतही नाहीत.

तिने बगळा लावला. पोस्टमनचा साचा घेतला, चोच टेकवली. टाचेपर्यंत छान. मग मागे भाऊजींच्या कारागिराने ग्राइंडर सुरू केला, तळवे घासायला, आणि रेघ गोठली.

"बघितलंत?" भाऊजी म्हणाले. "ग्राइंडर करंट खातो. इलेक्ट्रिशियनने स्टॅबिलायझर बसवून दिला, वायर बदलली. म्हातारं झालंय मशीन, वहिनी. त्याला आता धक्का सोसत नाही."

ते मशीनबद्दल बोलत होते आणि बोलत नव्हतेही. वहिनीला ते कळलं, टाचणीलाही कळलं.

ग्राइंडर बंद असताना वहिनीने परत लावून बघितलं. तीनदा पूर्ण झालं. चौथ्यांदा टाचणी बसली तर ग्राइंडर बंद असूनही थांबलं. आता हे काय. करंट म्हणावं तर ग्राइंडर बंद. वायर म्हणावी तर नवी. वहिनीने दिवसभर वायरी उलगडून बघितल्या, अर्थिंग तपासलं, बगळ्याची वायर कॉम्प्युटरच्या पोटात ज्या कार्डाला जोडतात ते कार्ड काढून खोडरबराने घासलं आणि परत बसवलं. काही फरक नाही. संध्याकाळी ती म्हणाली, घरी नेते. नवऱ्याने शेजाऱ्याचा टेम्पो मागून आणला, आणि बगळ्याचे नटबोल्ट सोडून बगळा, कॉम्प्युटर, पडदा असं सगळं उचलून घरी आलं, रस्ताभर नवरा मागे ओरडून विचारत होता की प्रवासी सुखरूप आहेत ना.

आणि घरी बगळा शहाण्यासारखा वागला. शुक्रवारी सकाळपासून दुपारपर्यंत वहिनीने पोस्टमनचा पाय इतक्या वेळा फिरवला की तिला स्वतःचा पाय दुखल्यासारखा वाटायला लागला. एकदा नाही थांबला. तिने मिक्सर लावला. वॉशिंग मशीन लावलं. नवऱ्याला ड्रिल घेऊन भिंतीला भोक पाडायला लावलं, आणि तो म्हणाला की भोक कशासाठी हे तरी सांग, म्हणजे फोटो लावता येईल. बगळा आपला शांत, चोच खाली, काम चालू.

टाचणी बघायला आली आणि डोक्याला हात लावून बसली. "म्हणजे माहेरी लाडात आणि सासरी नाटकं," ती म्हणाली.

नवऱ्याला हे फारच आवडलं. वहिनी हसली नाही. ती टेबलावरच्या पडद्याकडे बघत होती आणि तिला एक गोष्ट हळूहळू उलगडत होती, जी तिला नको होती. मशीन चांगलं होतं. कॉम्प्युटर चांगला होता. म्हणजे बिघडलेलं जे काही होतं ते त्या दोघांच्या मधे होतं. आणि मधे तर तिचाच ड्रायव्हर.

जुना कोड उघडून ती वाचायला लागली. आपलंच अक्षर वर्षांनी बघावं तसं झालं. जागोजागी उगाच केलेल्या चलाख्या, नवीन सुनेने सासरी करावा तसला झगमगाट, एकही ओळ साधी नाही. ती वाचत होती आणि पुटपुटत होती, आणि नवऱ्याने आत डोकावून विचारलं की कुणाला शिव्या चालल्यात. ती म्हणाली, एका मुलीला, तुम्ही ओळखता तिला.

पण चूक दिसेना. वाचून वाचून डोळे गेले, सगळं बरोबर दिसत होतं. तेव्हा तिने ठरवलं की आता अंदाज बास. अंदाज म्हणजे कात्री. जिथे बगळा थांबतो तिथेच जाऊन बसायचं आणि त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

शनिवारी सगळा जामानिमा परत वर्कशॉपमधे. भाऊजी म्हणाले, सोमवारी जायचंच आहे, कशाला ने-आण. वहिनीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि टाचणीला सांगितलं, रोज जसं असतं तसंच सगळं जोड, एक वायर इकडची तिकडे नको.

मग तिने ड्रायव्हरमधे दोन ओळी घातल्या. गंमत अशी असते की बगळ्याला काही सांगायचं असलं की तो कॉम्प्युटरची घंटा वाजवतो. कानाला ऐकू येणारी नाही, आतल्या आत. कॉम्प्युटर हातातलं काम टाकून ड्रायव्हरला पाठवतो, जा बघ, कोण आहे. ड्रायव्हर जातो, बगळ्याचा निरोप घेतो, परत येतो. हे इतक्या भराभर होतं की माणसाला दिसत नाही. वहिनीने असं केलं, की घंटा वाजली आणि बगळ्याने निरोप दिला तर पडद्याच्या कोपऱ्यात एक चांदणी उमटेल. घंटा वाजली पण बगळा म्हणाला मी नाही वाजवली, तर प्रश्नचिन्ह.

टाचणीने चोच फिरवायला घेतली. कोपऱ्यात चांदण्याच चांदण्या. टाच झाली. कारागिराला खूण केली, त्याने ग्राइंडर लावला. चांदणी, चांदणी, चांदणी, प्रश्नचिन्ह, आणि रेघ गोठली.

परत लावलं. परत तेच. ग्राइंडर बंद ठेवून टाचणीला बसवलं, बराच वेळ चांदण्या, आणि मग प्रश्नचिन्ह, आणि ठप्प. काहीही झालं तरी शेवटचं चिन्ह तेच.

"कुणीतरी घंटा वाजवून पळतंय," वहिनी म्हणाली.

भाऊजी दारातून म्हणाले की आमच्या लहानपणी आम्ही पण पळायचो. पण आता ते दारातून आत आले होते. हात मांड्यांखाली नव्हते.

वहिनीने टाचणीला हात वर करायला सांगितलं, दोन्ही, कशालाही लावायचा नाही. ग्राइंडर चालू करायला सांगितला. आणि ती पडद्याकडे बघायचं सोडून टेबलाकडे बघत बसली. टेबल बारीक बारीक थरथरत होतं. पेन्सिल हळूच घरंगळत होती. चहाच्या कपात गोल गोल लाटा. आणि कीबोर्डशेजारी, त्याच्या छोट्या गादीवर, माउस मुंगीच्या पावलांनी सरकत होता.

तिने बोटाने माउसला जरासा धक्का दिला. प्रश्नचिन्ह.

आता वहिनी उभी राहिली. तिने वर भिंतीकडे बघितलं. पार्टिशनच्या वर, जुन्या रंगात, एक रिकामा खिळा होता. त्याच्याखाली वायरीच्या घासण्याने पडलेला काळपट ओरखडा. तो खिळा तिने शंभरदा बघितला होता. नवीन सून म्हणून स्टुलावर बसून ड्रायव्हर लिहिताना तो तिच्या समोरच, जरा वर होता, आणि त्याच्यावर रोज, शेपटीला धरून, माउस टांगलेला असायचा.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही माउस खिळ्याला का टांगायचात?"

भाऊजींना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले की अहो, पोटात गोळी असते ना त्याच्या. चामड्याचा भुसा जाऊन ती अडकायची. म्हणून एकदा माउस उपटला, पुसला आणि वर टांगला, तो तिथेच राहिला. त्याचं काम काय होतं तसं, मी कुठे वापरायचो.

आणि आता भुसा आत येत नव्हता, कारण टाचणीने काच लावली होती. म्हणून माउस खाली उतरला होता. आणि घरी वहिनीच्या टेबलावर माउस कधीच नव्हता, कारण तिला माउसचा राग आहे, कीबोर्डवरून हात उचलायचा म्हणजे लिहिताना दर शब्दाला पेन खाली ठेवण्यासारखं, असं ती म्हणते. ड्रायव्हर लिहिला तिथे माउस खिळ्यावर. तपासला तिथे माउस नाही. एवढ्या वर्षांत बगळा आणि माउस एकमेकांना भेटलेच नव्हते, आणि दोघांची घंटा मात्र एकच होती.

वहिनीने टाचणीला समजावून सांगितलं. घंटा वाजवतो माउस. दार उघडायला जातो आपला ड्रायव्हर. तो फक्त बगळ्याकडे बघतो, कारण दाराशी दुसरं कुणी असेल हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. बगळा म्हणतो मी नाही. ड्रायव्हर दार लावून परत. माउस बिचारा घंटेवर बोट दाबून तसाच उभा. आणि ते बोट निघेपर्यंत घंटा नव्याने वाजणार कशी, मग बगळा किती का ओरडेना.

भाऊजींचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी माउसची वायर उपटली, शेपटी गुंडाळली आणि तो खिळ्याला टांगला. टांगताना तीनदा चुकला, हात थरथरत होता म्हणून, पण टांगला. "झालं," ते म्हणाले. "एवढंच होतं होय."

टाचणीने खिळ्यावरच्या माउसकडे बघितलं. मग म्हणाली, "मला तो लागतो, बाबा."

आणि तिने दाखवलं. साच्यावर जिथे जिथे पाय दुखतो तिथे पोस्टमनला विचारून तिने पेन्सिलने गोल केले होते. चोच एका हाताने फिरवताना गोल आला की दुसऱ्या हाताने ती माउसने तिथे खूण करायची, म्हणजे कोरताना मशीन त्या जागी बारीकसा फुगवटा ठेवतं आणि बुटात तिथे जागा सुटते. प्रोग्रॅममधे ही सोय पहिल्यापासून होती. भाऊजींना ती कधी लागली नाही. ते तयार कलबुतावरून डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि दुखरी जागा त्यांना अंगठ्याने कळायची, आणि तिथे ते चामड्याचा तुकडा चिकटवून रापीने, म्हणजे चांभारी सुरीने, तासून घ्यायचे.

"तुमचा अंगठा माझ्याकडे नाहीये," टाचणी म्हणाली. "माझ्याकडे हे आहे. हे टांगून ठेवलं तर मी नुसते बूट करीन. तुमच्यासारखे नाही."

भाऊजी स्टुलावर बसले. त्यांनी हात परत मांड्यांखाली घातले. म्हणाले, सोमवारी माणूस येणार आहे, त्याला मी शब्द दिलाय, तोपर्यंत जे करायचं ते करा. माउस खिळ्यावर टांगून बगळा चालतो, एवढं मला पुरे, पण खिळा तुला पुरत नसेल तर मग शोरूमच बरं.

वहिनीने माउस खिळ्यावरून काढला. "गाठ कापायची नाही," ती म्हणाली, आणि ते कुणाला म्हणाली देव जाणे.

कार्डावर दुसरी घंटा निवडायची सोय असती तर काम चुटकीसरशी झालं असतं, पण तशी सोय नव्हतीच, बनवणाऱ्याने एकच घंटा पक्की डकवून ठेवली होती. म्हणजे ड्रायव्हरलाच रीत शिकवायची. बगळा परत टेम्पोतून घरी आला, रविवारी सकाळी ती टेबलाशी बसली आणि पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, तिने स्वतःच्या टेबलावर माउस जोडला. नवरा दारात उभा राहून ते दृश्य बघून गेला आणि परत येऊन बघून गेला.

पहिला प्रयत्न साधा. घंटा वाजली की आधी बगळ्याला विचार, मग माउसला विचार, आणि माउसचा निरोप असेल तर तो माउसच्या ड्रायव्हरच्या हातात दे. लावून बघितलं. माउस हलला, बगळा चालला, दोघं एकदम. वहिनीने टाळी वाजवायला हात उचलले आणि रेघ गोठली.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. ती उठून ओट्यापाशी गेली, काल घासलेलीच कढई परत घासली, परत आली. नवऱ्याने विचारलं जेवणार का, तर ती म्हणाली जेवणाचा आणि माझा आज संबंध नाही. तो म्हणाला, अगं पण माझा आहे. मग दोघं जेवले. आणि जेवताना तो आपला सहज त्याच्या बसच्या गोष्टी सांगत होता, की शेवटच्या स्टॉपला कंडक्टर एकदा हाक मारून समाधान मानायचा नाही, कुणी राहिलं का, कुणी राहिलं का, असं विचारत मागपर्यंत जायचा आणि परत पुढे येईपर्यंत कुणी नवीन चढलं की पुन्हा मागे. लोक वैतागायचे. पण गाडीत कधी कुणी विसरून राहिलं नाही.

वहिनीचा घास तोंडाशीच राहिला.

कारण तिच्या ड्रायव्हरने बगळ्याला विचारलं, मग माउसला विचारलं, आणि माउसशी बोलत असताना बगळ्याने परत घंटेवर बोट ठेवलं होतं. ते याला कळलंच नाही. एकदा विचारून भागत नाही. दोघंही एकापाठोपाठ नाही म्हणेपर्यंत फिरत राहायचं.

तिने तसंच लिहिलं. आणि हात होताच कोडमधे, तर त्या जुन्या सुनेचा झगमगाट पण उपटून टाकला, साध्या ओळी ठेवल्या, कुणालाही वाचता येतील अशा. टाचणीला बोलावून शेजारी बसवून एकेक ओळ तिला वाचायला लावली. मी असेन नसेन, ती म्हणाली नाही, पण टाचणीने ऐकलं आणि चिडून म्हणाली की असलं काही बोलायचं नाही. दुपारभर दोघींनी मिळून बगळा फिरवला, माउस फिरवला, टेबल हलवलं, नवऱ्याला ड्रिल दिलं. भिंतीला आता इतकी भोकं झाली होती की फोटोंचा अल्बमच लावता आला असता. नाही थांबला.

सोमवारी सकाळीच बगळा परत वर्कशॉपमधे बसवला, तोच मशीन घेणारा माणूस टेम्पो आणि दोर घेऊन हजर. बरोबर त्याच वेळी पोस्टमनही आला, थैली खांद्याला, आणि बाजूला होऊन भिंतीशी उभा राहिला. भाऊजींनी त्या माणसाला बसायला सांगितलं आणि मग जे केलं त्याची कुणालाच अपेक्षा नव्हती. टाचणी बगळ्यापाशी बसली होती, तिच्या शेजारी त्यांनी स्टूल ओढलं.

"चोच तू फिरव," ते म्हणाले. "माउस मी धरतो."

टाचणी म्हणाली, बाबा, मुद्दाम हलवायचा असला तर मी हलवते ना.

"मुद्दाम कशाला हलवायला हवा," भाऊजी म्हणाले. "मी नुसता हात ठेवतो. आपोआप हलेल."

आणि त्यांनी हात ठेवला. सगळ्यांसमोर, मशीन न्यायला आलेल्या त्या परक्या माणसासमोर, पोस्टमनसमोर, तो थरथरणारा हात त्यांनी मांडीखालून काढून माउसवर ठेवला. पडद्यावरचा बाण वेड्यासारखा नाचायला लागला. कारागिराला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून ग्राइंडर लावला. टाचणीने चोच टाचेवर टेकवली. टाच झाली. घोट्याखालचा तो वाकडा भाग झाला, जिथे परवा अडलं होतं. वहिनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होती, चांदण्या, प्रश्नचिन्हं, चांदण्या, प्रश्नचिन्हं, आणि रेघ पुढे, पुढे. चवडा. बोटं. शेवटचं बोट जवळ आलं तसा टाचणीचा श्वास ऐकू यायला लागला. मग चोच जिथून निघाली होती तिथे परत येऊन टेकली आणि पडद्यावर अख्खा पाय उभा राहिला.

भाऊजींनी माउसवरून हात काढला नव्हता. ते पडद्यावरच्या पायाकडे डोळे बारीक करून बघत होते, आणि मग त्यांनी थरथरणारं बोट पडद्याच्या काचेला लावलं, करंगळीच्या मागे. "इथे खूण राहिली तुझी," ते म्हणाले. "याला इथे पण दुखतं. चालताना बाहेरच्या बाजूने पाय टाकतो, कधीपासून बघतोय मी." आणि मागे न वळता पोस्टमनला विचारलं, दुखतं ना. पोस्टमन म्हणाला, हो, पण मी सांगितलं नव्हतं.

टाचणीने खूण केली.

मशीन न्यायला आलेल्या माणसाने घसा खाकरला आणि विचारलं की मग दोर सोडू का आत आणू. भाऊजी म्हणाले की तुम्हाला शब्द दिला होता, माझी चूक, चहा घेऊन जा, आणि पाय बिय दुखत असला तर सांगा, मुलगी बघेल. तो म्हणाला पाय ठीक आहेत, पण चहा घेतला.

सगळे पांगल्यावर भाऊजींनी पक्कड मागून घेतली. स्टुलावर चढायला वहिनीने त्यांना खांदा दिला. त्यांनी भिंतीवरचा खिळा धरला, हात थरथरत होता त्यामुळे खिळा आपोआपच सैल होत गेला, आणि एका झटक्यात बाहेर आला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला, शर्टाला पुसला आणि खिशात टाकला.

"चांगला खिळा आहे," ते म्हणाले. "टाचेला लावू कुणाच्या तरी."